‘विनाआधार’ समुद्र कोण ओलांडू शकतं?

२००७ साली मुंबईच्या भाविक गांधी यांनी एकट्याने वल्ही मारत अटलांटिक महासागर पार केला. स्पेनच्या बाजूने निघून कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावर पोचायला त्यांना १०६ दिवस लागले. जानेवारी २०२५ च्या अखेरीस मूळच्या बंगळुरूच्या आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्या अनन्या प्रसाद त्याच बेटावर पोचल्या. त्यांना ५२ दिवस लागले. अशा मोहिमांच्या बातम्यांत दोन इंग्रजी शब्द हमखास जोडीने येतात : ‘सोलो’ आणि ‘अनसपोर्टेड’.

सोलोचं मराठी सोपं आहे, एकट्याने. अनसपोर्टेडचं मराठी करायला गेलं की अडखळायला होतं. शब्दाला शब्द ठेवला तर होतं ‘निराधार’. आणि आमच्या सिरसाळ्यात निराधार म्हटलं की कुणालाही समुद्र आठवत नाही. परळी तालुक्यातलं आमचं गाव समुद्रापासून सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरहून जास्त आत आहे. इथे निराधार म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना. ‘निराधारचे पैसे आले का?’ हे वाक्य बँकेच्या दारात ऐकू येतं. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, हयातीचा दाखला लागतो, तहसीलला चकरा माराव्या लागतात.

म्हणजे दोन्हीकडे पुरावा द्यावा लागतो. होडीवाल्याला जीपीएसची नोंद दाखवून सिद्ध करावं लागतं, की वाटेत मी कुणाची मदत घेतली नाही. म्हातारीला कागद दाखवून सिद्ध करावं लागतं, की मला मदत करणारं कुणी नाही. एकाचा विक्रम होतो, दुसरीचा फॉर्म भरला जातो. शब्द एकच असताना एवढा फरक कुठून येतो, हा या लेखाचा प्रश्न आहे. उत्तर शोधायला आधी त्या होडीत डोकवावं लागेल.

होडीत काय असतं

महासागर ओलांडायची वल्ह्यांची होडी साधारण सात मीटर लांब असते. दोन टोकांना पाणी आत न शिरणाऱ्या बंद केबिन, मध्ये उघडी जागा आणि तिथे पुढे-मागे सरकणारं आसन. लाटेने उलटी केली तर आपोआप सरळ होईल अशी तिची बांधणी असते. छतावर सोलर पॅनल, त्यावर चालणारं समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र. आपल्या गावागावात जारवाल्यांकडे जो आरओ प्लांट असतो त्याचाच हा छोटा भाऊ. वाळवलेल्या जेवणाची पाकिटं, सॅटेलाइट फोन आणि वादळात होडी एका दिशेला धरून ठेवण्यासाठी पाण्यात सोडायचं पॅराशूटसारखं नांगराचं कापड. वल्हवणारा दिवसाला दहा-बारा तास वल्हवतो. तो पाठमोरा बसलेला असतो, त्यामुळे कुठून आलो ते त्याला सतत दिसतं आणि कुठे चाललो ते बघायला मान वळवावी लागते.

‘अनसपोर्टेड’चा नियम साधारण असा : निघाल्यापासून पोचेपर्यंत बाहेरून अन्न, पाणी, सुटे भाग घ्यायचे नाहीत. दुसऱ्या बोटीने होडी ओढून घ्यायची नाही. फोनवर बोलायला, किनाऱ्यावरच्या माणसाकडून हवामानाचा सल्ला घ्यायला मात्र हरकत नसते.

हा नियम नीट पाहिला तर तो हिशोबाचा नियम आहे. काय मोजायचं आणि काय मोजायचं नाही, हे तो ठरवतो. वारा मोजला जात नाही. अटलांटिक ओलांडणारे बहुतेक वल्हेकरी आफ्रिकेजवळच्या कॅनरी बेटांवरून कॅरिबियनकडे जातात, कारण भूगोलाच्या पुस्तकातले व्यापारी वारे त्याच दिशेने वाहतात. १४९२ मध्ये कोलंबसही त्याच बेटांपैकी ला गोमेरावरून पुढे निघाला होता. उपग्रह मोजले जात नाहीत. होडी बांधणारे हात मोजले जात नाहीत.

याचं आपल्याजवळचं उदाहरण घ्यायचं तर वल्ही सोडून शिडाकडे यावं लागेल. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे हे शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. १९ ऑगस्ट २००९ ला ते मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० ला परत आले. वाटेत ते चार बंदरांत थांबले. ही कल्पना धरून बसले होते व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी. निवृत्तीनंतर ते राहत होते फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीत, म्हणजे आमच्यासारख्याच दुष्काळी पट्ट्यात. नौका बांधली गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात आणि तिला नाव दिलं तिथल्या नदीचं, म्हादेई. पुढे त्याच म्हादेईतून अभिलाष टॉमी कुठेही न थांबता, बाहेरची मदत न घेता पृथ्वीला फेरी मारून आले. दोंदे यांच्या मोहिमेत किनाऱ्यावरची बाजू सांभाळणाऱ्यांत टॉमी होते. एकट्याने केलेल्या प्रवासांची ही यादी बघा, केवढी गर्दी आहे तिच्यात.

मग एकटं काय उरतं

इथे एक सोपा निष्कर्ष काढता येतो : म्हणजे ‘एकट्याने’ वगैरे सगळं खोटं, कुणीच एकटं नसतं. असं म्हणून मोबाइल खाली ठेवता येईल. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या क्षेत्रात कुणीच काही शून्यातून लिहीत नाही. दहा ओळींच्या प्रोग्रॅममागे अनोळखी लोकांनी लिहिलेल्या लाखो ओळी असतात. तरी रात्री अडीच वाजता सर्व्हर बंद पडतो आणि त्या आठवड्याची ऑन-कॉलची पाळी माझी असते, तेव्हा त्या लाखो ओळी लिहिणारं कुणी माझ्याशेजारी बसलेलं नसतं. फक्त मला एक सोय असते. अगदीच जमलं नाही तर मी सीनियरला उठवू शकतो.

भर समुद्रात ही सोय नसते. फोनवर कुणी सांगेल की उत्तरेला सरक, पण सरकायचं की नाही हे ठरवणारा आणि सरकणारा एकच माणूस. झोप पुरी झाली नाही, हाताला फोड आलेत, आणि आता नांगर टाकावा की अजून तासभर वल्हवावं? हा निर्णय दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. एकटेपणाचा खरा अर्थ इतकाच आहे, की पुढचा निर्णय सोपवायला कुणी नाही. तो खराच आहे आणि तो अवघडच आहे. होडी दहा जणांनी बांधली म्हणून तो कमी होत नाही.

तेव्हा या लोकांचं धाडस मी मोडीत काढत नाही. प्रश्न त्या धाडसाखाली काय असतं, याचा आहे.

१ नोव्हेंबर ते ३१ मार्च

अभिलाष टॉमी मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावरून निघाले १ नोव्हेंबर २०१२ ला आणि परत आले ३१ मार्च २०१३ ला. बीड जिल्ह्यातल्या कुणाहीसमोर या दोन तारखा ठेवा. तो म्हणेल, हा तर उसाचा सीझन आहे.

दिवाळीच्या आगेमागे आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, दोन माणसं मिळून एक अवजार. जाण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. मग फडाजवळ कोपी टाकायची, पहाटे अंधारात उठायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. कामावर नाही गेलं तर खाडा पडतो आणि त्याचे पैसे उचलीच्या हिशोबात चढतात. पाडव्याच्या सुमाराला परत. त्या वर्षी परत आल्यावरही गावात पाणी नव्हतं. फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. टॉमी पाण्याने वेढलेल्या पृथ्वीला फेरी मारत होते, त्याच महिन्यांतली ही गोष्ट.

व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर यावर एक ठरलेली प्रतिक्रिया येते : ‘आमचे लोक रोजच समुद्र पार करतात, त्यांना कोण मेडल देतं?’ ही प्रतिक्रिया ऐकायला बरी वाटते, पण ती दोघांवरही अन्याय करते. टॉमींचं कसब ती हसण्यावारी नेते. आणि ऊसतोडीला ‘धाडस’ म्हणून तिच्यातला नाइलाज झाकून टाकते. माझ्या ओळखीतल्या कुठल्याही ऊसतोड बाईला मेडल नको आहे. तिला खाडा न पडता आजारी पडता यायला हवं आहे.

कष्ट दोन्हीकडे आहेत, धोका दोन्हीकडे आहे, घरापासून पाच महिने लांब राहणं दोन्हीकडे आहे. उलट टोळीत माणसं असतात, ती एकमेकांची पोरं सांभाळतात. तिथे होडीवाल्याचा एकटेपणा नसतो. फरक आहे तो मागे फिरण्याचा. ‘बास, आता नाही’ असं म्हणण्याची मुभा एकाला आहे, दुसऱ्याला नाही. उचल फिटल्याशिवाय फड सोडता येत नाही.

उचल घेतलेला खलाशी

हा फरक माझ्या मनाचा खेळ नाही, हे एका खलाशाच्या गोष्टीत स्पष्ट दिसतं. १९६८ मध्ये ब्रिटनमध्ये न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेची पहिली शर्यत झाली. नऊ जण निघाले, पूर्ण केली एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी, २२ एप्रिल १९६९ ला. त्यांची नौका ‘सुहेली’ आपल्या मुंबईत बांधलेली, सागवानी लाकडाची.

त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचा इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर होता. त्याचा धंदा अडचणीत होता. त्याने एका व्यावसायिकाकडून नौकेसाठी पैसे घेतले आणि बदल्यात स्वतःचा धंदा आणि घर गहाण ठेवलं. मोहीम अर्धवट सोडली तर नौका त्यालाच विकत घ्यावी लागणार होती, म्हणजे दिवाळं. ३१ ऑक्टोबर १९६८ ला, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, तो अपुऱ्या तयारीनिशी निघाला. काही आठवड्यांत त्याला कळलं की ही नौका दक्षिणेच्या समुद्रात टिकणार नाही. पुढे गेलो तर बुडू, मागे फिरलो तर घर जाईल. त्याने तिसराच मार्ग काढला. अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवर खोटी ठिकाणं कळवत राहिला. १० जुलै १९६९ ला त्याची नौका रिकामी तरंगताना सापडली. तो सापडला नाही. नॉक्स-जॉन्स्टन यांनी बक्षिसाचे पाच हजार पौंड त्याच्या बायकामुलांना दिले.

क्रोहर्स्टची गोष्ट बहुतेक वेळा खोटेपणाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. बीडच्या माणसाला ती उचलीची गोष्ट म्हणून लगेच कळेल. त्याच समुद्रात, त्याच शर्यतीत, तशाच एकट्या माणसाला मागे फिरायची वाट बंद झाली आणि धाडसाचं सापळ्यात रूपांतर झालं. समुद्र बदलला नव्हता. खालचा आधार निघून गेला होता.

इथे आमच्या धंद्यातला एक शब्द उपयोगी पडतो, रोलबॅक. शुक्रवारी संध्याकाळी नवा कोड लाइव्ह करायला सगळे टाळतात. पण जुनी आवृत्ती एका बटणावर परत आणता येत असेल, तर नवखी पोरंही मोठे बदल करून बघतात. माणसं तीच, हिंमत वाढलेली. हिंमत स्वभावात असते असं आपण धरून चालतो. बऱ्याचदा ती रोलबॅकमध्ये असते.

समुद्राचा कायदा

आता दुसऱ्या बाजूचा आक्षेप. स्वतःच्या हौसेने मरणाच्या दारात जायचं आणि मग सरकारने जहाजं पाठवायची, हे बरोबर आहे का? मार्च २०२५ मध्ये लिथुआनियाचा ऑरिमास मोत्स्कुस अमेरिकेहून एकट्याने पॅसिफिक वल्हवत ऑस्ट्रेलियाच्या जवळ आला आणि चक्रीवादळात अडकला. ऑस्ट्रेलियाच्या नौदलाने जहाज पाठवून त्याला काढलं. खर्च लोकांच्या करातून. शिवाय वाचवायला जाणाऱ्यांचेही जीव असतात.

हा आक्षेप मी गंभीर मानतो. म्हणून मला तयारी हा नैतिक प्रश्न वाटतो. होडी तपासणं, बीकन चालू आहे का बघणं, हवामान वाईट असेल तर निघण्याची तारीख ढकलणं, या गोष्टी आपण स्वतःच्या जिवासाठी करतो असं वाटतं. खरं तर त्या वाचवायला येणाऱ्या अनोळखी माणसासाठी असतात. आणि घरी वाट बघणाऱ्यांसाठी. जानेवारी २०२२ मध्ये ७५ वर्षांचे फ्रेंच वल्हेकरी जाँ-जाक साव्हँ अटलांटिकमध्ये मरण पावले. स्वतःच्या जिवाचा धोका घ्यायचा अधिकार माणसाला आहे, असं मी मानतो. पण धोका कधीच एका माणसापुरता मावत नाही, एवढं त्याने जाण्याआधी घरच्यांशी बोलून घ्यायला हवं.

पण हे सगळं निघण्याआधी विचारायचं. माणूस पाण्यात पडल्यावर समुद्राचा कायदा काही विचारत नाही. १९७४ च्या ‘सोलास’ करारात समुद्रावर संकटात सापडलेल्याला मदत करणं हे जहाजाच्या कप्तानाचं कर्तव्य आहे, मग त्या माणसाचं राष्ट्रीयत्व किंवा दर्जा काहीही असो. कशाला आलास, तिकीट होतं का, चूक कुणाची, हे प्रश्न त्या वेळी उद्भवत नाहीत.

२१ सप्टेंबर २०१८ ला टॉमी यांनी हे अनुभवलं. जुन्या पद्धतीच्या शर्यतीत ते ‘सुहेली’ची प्रतिकृती असलेली ‘थुरिया’ घेऊन दक्षिण हिंदी महासागरात होते. वादळात नौका उलटली, डोलकाठ्या मोडल्या, पाठीचे मणके जखमी झाले. उठता येत नव्हतं. भारतीय नौदलाचं विमान आलं, ऑस्ट्रेलियाने शोधमोहीम चालवली, आयर्लंडचा स्पर्धक ग्रेगर मॅकगकिन स्वतःची डोलकाठी मोडलेली असताना त्यांच्या दिशेने निघाला आणि २४ तारखेला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. तीन दिवसांत चार देश. पुढच्या खेपेला, २९ एप्रिल २०२३ रोजी, त्याच शर्यतीत टॉमी दुसरे आले. मोडलेल्या पाठीनंतर ते परत जाऊ शकले, यात त्यांची जिद्द आहेच. पडलो तर कुणीतरी येतं, याचा आलेला अनुभवही आहे.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. अनसपोर्टेड आणि निराधार हे एका अर्थाचे शब्द नाहीत, उलट अर्थाचे आहेत. ज्याच्याकडे आधार आहे, तोच तो काही दिवस बाजूला ठेवू शकतो. ज्याच्याकडे तो नाही, त्याला बाजूला ठेवण्यासारखं काही नाही.

जमिनीवर

हे फक्त समुद्राबद्दल असतं तर सिरसाळ्यात बसून लिहायची गरज नव्हती. आपल्या वयाची बहुतेक पोरं कुठल्या ना कुठल्या एकट्या होडीत आहेत. कुणी पुण्यात खोली घेऊन चौथ्यांदा एमपीएससी देतंय, कुणी नोकरी सोडून स्वतःचं काही सुरू केलंय. त्यात एकाच्या मागे बापाचं दुकान असतं आणि दुसऱ्याच्या मागे दोन एकर कोरडवाहू आणि आईबापाची उचल. दोघं नापास झाले तर पहिल्याचा तो ‘अनुभव’ असतो, दुसऱ्याचं घर बसतं. आणि गावात त्याला पहिला प्रश्न विचारला जातो : कशाला गेला होतास? जमिनीवर आपण बुडणाऱ्याला आधी हाच प्रश्न विचारतो. मग त्याच्या धाकट्या बहिणीला सांगतो, की तू हिंमत करत नाहीस.

समुद्राचा कायदा जमिनीवर अजिबात नाही असंही नाही. १०८ ला फोन केला तर जात, कर्ज, चूक विचारत नाहीत. कुठे आहात, एवढं विचारतात. पण अटलांटिकमधल्या वल्हेकऱ्याचा बीकन त्याचं ठिकाण आपोआप कळवतो. कर्नाटकातल्या फडावर रात्री पोटात कळा सुरू झालेल्या बाईला आपण नेमक्या कुठल्या गावाच्या शिवारात आहोत, हे सांगता येईलच असं नाही. भाषा वेगळी, रस्ता माहीत नाही आणि सकाळी खाडा पडणार. भर समुद्रातल्या माणसापेक्षा ती दवाखान्याच्या कितीतरी जवळ आहे, तरीही जास्त लांब आहे.

सिरसाळ्याची एखादी मुलगी उद्या अटलांटिक वल्हवेल का? अशक्य काही नाही. विंचुर्णीत बसून पृथ्वीप्रदक्षिणेचा विचार करता येतो, तर सिरसाळ्यातही येईल. पण तिला धाडसाची भाषणं देऊन ते होणार नाही. तिच्या आईला सीझनमध्ये एक दिवस आजारी पडता आलं, तिची शाळा नोव्हेंबरात सुटली नाही आणि एखादी गोष्ट जमली नाही तर तिला घरी परत येता आलं, तर होडी शोधायला ती स्वतः निघेल.